बिनपेठेचा कप्तान

“दे बे, दे!” दुरुगकर सर डावीकडून ओरडले.

“पळ! थांबू नको, पळ!” आप्पा सरनोबत उजवीकडून ओरडले.

बॉल होता रणधीर इंगवलेच्या पायात. बिचाऱ्यानं दोघांचंही ऐकायचं ठरवलं. आधी पळाला, मग थबकला, मान वर करून पाहिलं, आणि तेवढ्यात बॉल घरंगळत रेषेबाहेर गेला. मैदानाच्या भिंतीवर त्याचे चुलते, हिंदुराव काका, रोजच्यासारखे पाय सोडून बसले होते. तंबाखूची पिंक टाकून ते म्हणाले, “एका वर्गात दोन मास्तर घातल्यावर पोरगं नापासच हुणार की.”

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजला त्या वर्षी एकदम दोन नवे कोच मिळाले होते. दुरुगकर सर नागपूरचे. शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक म्हणून नुकतेच रुजू झालेले, शिट्टी गळ्यात, पँटची इस्त्री मैदानावरही मोडायची नाही. त्यांचा सगळा जीव पासवर. “पोट्टे अकरा आहेत ना बे? मंग एकटाच काहून मरून राहिला?” हे वाक्य आम्ही दिवसातून इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. आप्पा सरनोबत माजी विद्यार्थ्यांच्या हट्टापायी आलेले. एके काळी उजव्या विंगवर आप्पा सुटले की स्टेडियम उभं राहायचं, असं सांगणारे लोक तेव्हा अजून चहाच्या गाड्यांवर भेटत. त्यांच्या मते पास हा दमलेल्या माणसाचा खेळ होता. दोघांचं एकमेकांशी भांडण असं कधी झालं नाही. ते एकमेकांना मान देत, चहा एकत्र घेत, आणि मैदानावर येऊन एकमेकांच्या बरोबर उलटं शिकवत.

मी त्या संघाचा कप्तान होतो. आता हे जरा नीट सांगायला हवं.

कोल्हापुरात फुटबॉल कॉलेजचा नसतो, पेठेचा असतो. प्रत्येक पेठेची तालीम असते. मूळ आखाडा कुस्तीचा, पण त्याच लाल मातीच्या शेजारी फुटबॉलचे बूट वाळत घातलेले दिसायचे. हंगामात पेठेपेठेच्या मॅचेस सुरू झाल्या की सख्खे मावसभाऊ महिनाभर बोलत नाहीत. आमच्या संघात निम्मी पोरं निशाण तालमीची आणि निम्मी पाणंद तालमीची होती, आणि या दोन तालमींचं वैर एवढं जुनं की कशावरून सुरू झालं हे विचारणाऱ्यालाच लोक वेड्यात काढत. निशाणवाला कप्तान केला तर पाणंदवाले बूट काढणार, पाणंदवाला केला तर निशाणवाले. प्राचार्यांनी डोकं लढवलं आणि गडहिंग्लजहून आलेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या बसवराज कोरीला, म्हणजे मला, दंडाची पट्टी दिली. माझी पेठच नव्हती. आप्पांची निवडही अशीच झाली होती. त्यांची तालीम बंद पडून तिथं मंगल कार्यालय उभं राहिलं होतं, त्यामुळे त्यांच्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता.

मला कप्तान असं कुणी म्हणत मात्र नव्हतं. पोरं ‘गडिंग्लज’ म्हणत. हिंदुराव काका तर सरळ ‘ए मिरची’ म्हणून हाक मारत, कारण आमचं घरचं मिरचीचं दुकान होतं. वडिलांनी शब्द दिला होता आणि घेतलाही होता. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर कोल्हापुरात राहा, खेळ, पुढचं शीक. नाही झाली तर दिवाळीनंतर दुकानात ये. ते रागीट नव्हते, पण बोललं की बोललं. मला दुकानाचा तिटकारा नव्हता, ठसका मात्र लागायचा, आणि फुटबॉल सोडायचा नव्हता.

तरी मी निवांत होतो. का नसावं? मी मधल्या फळीत खेळायचो आणि संघातला एकेक पास माझ्याकडे यायचा. उजवीकडून रणधीर कापत यायचा, कोंडीत सापडला की बॉल मला. डावीकडून पाणंद तालमीचा इंद्रजित साळोखे, आमचा फॉरवर्ड, मोकळा उभा राहायचा, त्याला बॉल मी द्यायचा. इंद्रजित अर्धा पैलवानच होता. बॉल हवा असला की तोंडानं हाक मारायचा नाही, मांडीवर सणसणीत थाप मारायचा, आखाड्यातला शड्डू. रणधीरला तो ऐकू जायचा, पण बॉल मलाच यायचा, आणि मी तो इंद्रजितला. दुरुगकर सरांचे पास आणि आप्पांचं पळणं या दोन्हींची मोट मीच बांधतोय, असं मला मनापासून वाटायचं. छाती जरा फुगवूनच चालायचो मी त्या दिवसांत.

ती हवा सोहेल मुजावरनं काढली. सोहेल आमचा गोलकीपर, मिरजेचा, हॉस्टेलवर माझ्याच खोलीत. गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं, आणि सोहेलला दिसलेलं पोटात ठेवायची सवय नव्हती. मेसमध्ये आमटी ओरपत असताना मी म्हणालो की सरांचं आणि आप्पांचं जमत नाही, पण माझ्यामुळे निभतंय. त्यानं वाटी खाली ठेवली.

“बसू, तुला बॉल येतो तो तू चांगला खेळतोस म्हणून नाही. तुला पेठ नाही म्हणून येतो.”

मला आधी कळलंच नाही. त्यानं मग ताटातल्या भाकरीच्या तुकड्यांनी मांडून दाखवलं. रणधीर इतका पळतो, कारण मान वर केली की त्याला समोर इंद्रजित दिसतो, आणि निशाणच्या पोरानं पाणंदच्या पोराला गोल करून दिला तर हंगामभर पेठेत तोंड दाखवायची सोय राहत नाही. इंद्रजितचंही तेच. दोघांच्या मध्ये कुणीतरी परका लागतो, ज्याच्या हातून बॉल गेला तर विटाळ होत नाही. “दुरुगकर सरांना वाटतंय पोरांना पास येत नाही,” सोहेल म्हणाला. “आप्पांना वाटतंय पोरांना पळायचा नाद आहे. अरे, ह्यांना दोन्ही येतं. फक्त एकमेकांना द्यायचं नाही.”

मला राग आला. सोहेलचा नाही, भाकरीच्या त्या मधल्या तुकड्याचा. दुसऱ्या दिवशी सरावात मी मुद्दाम पाहिलं आणि त्याचं शब्दन् शब्द खरं निघालं. रणधीरच्या समोर तिघे होते, इंद्रजित मोकळा होता, थाप मारून मारून त्याची मांडी लाल झाली होती. रणधीरनं एक नजर भिंतीवर टाकली. तिथं हिंदुराव काका बसलेले. मग बॉल माझ्याकडे आला, उलटा, मागं. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पाणंदची मंडळी पान खात बसायची, आणि डावीकडची पोरं तिकडं बघून खेळायची. मैदानावर दोन कोच होते असं आम्ही म्हणत होतो. खरे कोच भिंतीवर होते.

मी हे सरांना सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? नागपूरच्या माणसाला पेठ समजवायची म्हणजे दिवस गेला असता, आणि समजली असती तरी भिंत पाडता आली नसती.

असं करत आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या फायनलला पोचलो. पोचलो कसे, तर बऱ्यापैकी माझ्या पायांवर, हे मी आजही सांगेन. पेठ असो वा नसो, पाय माझेच होते. फायनल आमच्याच मैदानावर, सांगलीच्या एका कॉलेजाशी होती आणि विद्यापीठाची निवड समिती छत्रीखाली खुर्च्या टाकून बसली होती. सकाळी दुरुगकर सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की समितीत तुझं नाव निघालंय, आज नेहमीसारखं खेळ, बस्स. त्या ‘बस्स’नं मला पंख फुटले.

सांगलीवाल्यांनी मात्र आमचे आधीचे सामने पाहिले होते. त्यांचा कोच सोहेलइतकाच डोळस असला पाहिजे. त्यानं एक दाढीवाला उंच पोरगा फक्त माझ्यावर सोडला. बॉल कुठंही असो, हा गोचिडीसारखा मला चिकटलेला. मी पाणी प्यायला रेषेवर गेलो तर तोही आला. मी अडकल्यावर आमच्या संघाचे दोन तुकडे पडले. रणधीर उजवीकडे पळायचा, तिघांत घुसायचा, बॉल गमवायचा. डावीकडे इंद्रजितच्या थापा रिकाम्या जायच्या. पहिल्या अर्ध्यात त्यांनी एक गोल चढवला आणि आमच्याकडून त्यांच्या गोलवर एक धड फटकाही गेला नाही.

हाफ टाइमला पोरं लिंबाच्या फोडी चोखत दोन घोळक्यांत बसली. उजवीकडे निशाण, डावीकडे पाणंद. मध्ये मी, सोहेल आणि पाण्याची बादली. आप्पा रणधीरला अजून जोरात पळ म्हणून सांगत होते, सर इंद्रजितला मागं येऊन पास घे म्हणत होते. मी त्या दोन घोळक्यांच्या मधल्या रिकाम्या जमिनीकडे बघत बसलो. तिथं गवत चांगलं उगवलं होतं, कुणाचा पाय पडत नव्हता ना. आणि माझ्या डोक्यात जे आलं ते मला अजिबात आवडलं नाही. आत एक मन म्हणत होतं, गप खेळ, कुणाला कळणार आहे? निवडवाले तुलाच बघायला आलेत. दुसरं मन काही बोलत नव्हतं. ते नुसतं त्या गवताकडे बोट दाखवत होतं.

मी उठून दोन्ही कोचांना बाजूला नेलं.

“सर, मला काढा.”

“काय लागलं का तुले?”

“नाही. मी मध्ये असेपर्यंत हे एकमेकांना बॉल देणार नाहीत. मी नसलो तर द्यावाच लागेल.”

सरांना पेठेचं अर्धंच कळलं असावं, पण बॉल कुठून कुठं जात नाही हे त्यांनीही महिनाभर पाहिलं होतं. आप्पांना मात्र सगळं कळलं. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा छत्रीकडे.

“तिकडं समिती बसल्या, बसू,” आप्पा हळू आवाजात म्हणाले. “बाहेर बसलेल्याला कोण घेत नसतंय.”

“ठाऊक आहे मला.”

“मंग असा काहून करतो बे?” सरांनी विचारलं.

“कप्तान आहे म्हणून,” मी म्हणालो. बोललो आणि मलाच जरा विचित्र वाटलं, कारण ते मी पहिल्यांदाच बोललो होतो.

पोरांना सांगितलं की माझ्या पोटरीत गोळा आलाय. मी लंगडत घोळक्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो आणि दंडाची पट्टी सोडली. साधी पांढऱ्या कापडाची पट्टी, गाठ मारायची. आता ती कुणाला द्यायची हा प्रश्न होता आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर. सोहेलनं हात पुढं केला, त्याला वाटलं बिनपेठेची पट्टी बिनपेठेकडेच जाणार. मी ती रणधीरच्या हातात दिली.

“हे इंद्रजितला बांध.”

रणधीर जागचा हलला नाही. स्वतःच्या दंडाला पट्टी कुणाला बांधता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतोच. इंद्रजितनं दंड पुढं केला नाही आणि मागंही घेतला नाही. भिंतीवरून हिंदुराव काका काहीतरी बोलले, ते नीट ऐकू आलं नाही. पंचांनी शिट्टी फुंकली.

“बांध की रं लौकर,” इंद्रजित म्हणाला. “मॅच सुटल्यावर बांधणार हाईस काय?”

मला वाटतं ते दोघं एकमेकांशी थेट बोलले ते त्या वर्षात पहिल्यांदा. रणधीरनं गाठ मारली. जरा जास्तच आवळली, पण मारली.

मी बाकावर दोन कोचांच्या मध्ये बसलो. माझ्या जागी उतरलेल्या पोराला सरांनी मागच्या फळीत उभं केलं होतं. दाढीवाला पोरगा मैदानात मला शोधत होता. मी दिसेना तेव्हा तो बावरला, मग उगाच इकडं तिकडं धावू लागला. सुरुवातीला आमचंही काही सुधारलं नाही. रणधीर पळाला, कोंडला गेला, आणि सवयीनं मागं वळून मी जिथं असायचो तिथं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. बॉल गेला. पुन्हा पळाला, पुन्हा कोंडला, पुन्हा वळून पाहिलं. चूक तर केली नाही ना, असं मला वाटायला लागलं.

तिसऱ्यांदा तो रेषेलगत सुटला तेव्हा समोर तिघे आले, आणि पलीकडून ठप्प असा आवाज आला. इंद्रजितचा शड्डू. एवढा खणखणीत की छत्रीखालच्या एका गृहस्थानं मान वर केली.

“दे!” कुणीतरी ओरडलं. “आरं दे की त्याला!”

मला वाटलं दुरुगकर सर. ते आप्पा होते. बाकावरून उठून, दोन्ही हात वर करून, आयुष्यभर पळ पळ म्हणणारे आप्पा सरनोबत.

रणधीरनं भिंतीकडे पाहिलं नाही. पायाच्या आतल्या बाजूनं बॉल सरळ मैदान कापत इंद्रजितच्या पुढ्यात गेला, आणि इंद्रजितनं तो थांबवायच्या भानगडीत न पडता जाळीत घातला. भिंतीच्या पाणंदच्या टोकाला शिट्ट्या सुरू झाल्या. निशाणचं टोक गप्प होतं. इंद्रजित पळत आला तो रणधीरकडे नाही, तसं काही सिनेमातलं झालं नाही. त्यानं लांबूनच पट्टीवर हात ठेवून मान हलवली आणि परत जागेवर गेला.

त्यानंतर मात्र खेळच बदलला. रणधीर पास देतो हे एकदा कळल्यावर सांगलीवाल्यांना त्याच्या अंगावर तिघे सोडता येईनात. एक इंद्रजितकडे ओढला गेला, मग दुसरा. रणधीरला आयुष्यात मिळालं नव्हतं एवढं मैदान मोकळं मिळालं. पळायला जागा पासनं होते, आणि पासला जागा पळण्यानं, हे दोन कोचांनी महिनाभर आम्हाला दोन तुकड्यांत शिकवलं होतं. ते त्या दिवशी जोडलं गेलं. शेवटी शेवटी इंद्रजितनंच बॉल रणधीरला सोडला आणि समोर एकटा स्टॉपर, त्यांचा शेवटचा बचावपटू, उरला. आता दुरुगकर सर उठले. शिट्टी गळ्यात, इस्त्रीची पँट चिखलात, आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होते, “पळ बे! कोणाले देऊ नको, पळ!”

तो पळाला. स्टॉपर मागं पडला, गोलकीपर आडवा झाला, आणि आम्ही जिंकलो.

निवडीची यादी लागली तेव्हा तिच्यात रणधीर होता, इंद्रजित होता, सोहेलही होता. मी नव्हतो. नसणार हे माहीत असूनही ती यादी मी वरून खाली आणि खालून वर वाचली. वाईट वाटलं, भरपूर वाटलं. दिवाळीनंतर वडिलांशेजारी गादीवर बसलो. आठवडाभर ठसका लागला, मग सवय झाली. मिरची हा धंदा चांगला आहे. आज आमची गाडी पार गोव्यापर्यंत जाते, तेव्हा माझ्याबद्दल कुणी हळहळू नये.

दुकानात बसल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्याच्या तोंडाला माल घेऊन कोल्हापूरला गेलो होतो. बाजारातलं काम लवकर उरकलं आणि कळलं की स्टेडियमवर निशाण आणि पाणंदची मॅच आहे. पाय आपोआप वळले. निशाणचे प्रेक्षक एका बाजूला, पाणंदचे दुसऱ्या बाजूला, मधल्या पायऱ्यांवर पोलीस. मी पोलिसांशेजारी जाऊन बसलो, तर तिथं आप्पा आधीच शेंगा खात बसलेले. बंद पडलेल्या तालमीच्या माणसाला दुसरी जागा कुठली? त्यांनी मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. आमच्या खालच्या पायरीवर, निशाणच्या गर्दीच्या अगदी कडेला, हिंदुराव काका बसले होते.

मॅच एकतर्फी झाली. निशाण दोन गोलनं पुढं होतं, रणधीर नुसता उधळला होता, आणि खेळ संपत आला होता. तेवढ्यात तो विंगवरून माघारी, स्वतःच्या गोलकडे तोंड करून बॉल घेऊन आला. अंगावर दोघे आले. आणि पलीकडून ठप्प असा आवाज झाला.

इंद्रजितनं ते मुद्दाम केलं की सवयीनं, हे त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं की हसतो. रणधीरनं मान वर केली नाही, बघितलंही नाही. पायाच्या आतल्या बाजूनं बॉल मैदान कापत गेला, तसाच, त्या फायनलसारखा गोड, आणि पाणंद तालमीच्या इंद्रजित साळोखेच्या पुढ्यात जाऊन पडला. इंद्रजितला क्षणभर कळेना काय करावं. मग त्यानं तो जाळीत घातला.

सगळं स्टेडियम गप्प झालं. पाणंदवाल्यांनाही ओरडावं की नाही ते सुचेना. मैदानात रणधीर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता आणि इंद्रजित त्याच्याकडे बघून पोट धरून हसत होता. मग रणधीरही हसायला लागला. इतकी वर्षं दोन पेठांनी एकमेकांवर दगड भिरकावले होते, पण असं काही पाहिलं नव्हतं. निशाण एका गोलनं जिंकलंच म्हणून बरं, नाहीतर पोराला त्या रात्री घरी जाता आलं नसतं.

आप्पांना शेंगेचा ठसका लागला. ते खोकत खोकत हसत होते आणि डोळे पुसत होते. हिंदुराव काका सावकाश मागं वळले. गर्दीत नजर फिरवली आणि मला बरोबर शोधून काढलं. आता ‘ए मिरची’ येणार, आणि पुढं दोन शिव्या, म्हणून मी तयारीत बसलो.

काका तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सारून म्हणाले, “ह्ये तुझं काम हाय, कप्तान.”